हांक ऐकूं न येणारीं माणसें

गेल्या आषाढांतली गोष्ट. सायंकाळचे साडेसहा वाजले होते, बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि माझी नऊ वर्षांची नात माजघराच्या उंबरठ्याशीं पाय पसरून पुस्तक वाचीत बसली होती. गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे लक्ष ठेव, असें तिच्या आजीनें तिला बजावलें होतें व तिनें 'हो' म्हटलेंहि होतें. तिच्यापासून चार हातांवर दूध उतूं गेलें, शेगडी विझली आणि गॅसचा वास माजघरापर्यंत आला. आजीनें एक हांक मारली, आईनें दोन मारल्या. चौथी हांक माझ्या धाकट्या बहिणीनें अशी मारली कीं शेजारच्या बिऱ्हाडांतली मंडळी दाराशीं आली. पोरीची मान वर झाली नाहीं. शेवटीं तिच्या आईनें शेगडी बंद करून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हां ती दचकली आणि 'आई, तो बुडाला ग!' म्हणून हमसाहमशी रडूं लागली. पुस्तकांतला कोणी एक मुलगा नदींत बुडाला होता. दूध, गॅस, हांका यांचा तिला पत्ताच नव्हता.

'हातांत मोबाइल नव्हता, पुस्तक होतें, एवढेंच समाधान,' असें म्हणून माझ्या मुलानें गोष्ट हंसण्यावारीं नेण्याचा यत्न केला. माझी बहीण हंसली नाहीं. रात्रीं पानें उठल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, 'दादा, हें लक्षण मला बरें दिसत नाहीं. हिला वेळींच कोणाला तरी दाखवा. आपल्या घरांत एकदां झालें तेवढें पुरे आहे.'

घरांत एकदां काय झालें तें मी पुढें सांगणारच आहें. त्याआधीं या हांक न ऐकण्याचा थोडा विचार करूं.

'शाकुंतला'च्या चौथ्या अंकाच्या आरंभींची कथा मीं शाळेंत तीस वर्षें मुलांना सांगितली. दुर्वास आश्रमाच्या दाराशीं येतात, आपण आल्याचें मोठ्यानें सांगतात. शकुंतला आंत बसली आहे, पण तिचें चित्त दुष्यंतापाशीं आहे. तिला कांहीं ऐकूं येत नाहीं. ऋषींना तें मौन म्हणजे उद्दामपणा वाटतो आणि ते शाप देऊन चालते होतात. जवळजवळ दर वर्षीं वर्गांतलें एखादें पोर विचारी, 'गुरुजी, यांत तिचा अपराध काय?' मी अतिथिधर्माचें महत्त्व सांगून वेळ मारून नेत असें. आतां वाटतें कीं पोराचा प्रश्न खरा होता आणि माझें उत्तर उसनें होतें. कारण ऐकूं येऊन न ऐकणें निराळें, आणि ऐकूंच न येणें निराळें. पहिला वर्तनाचा दोष आहे. दुसरा मनाच्या घडणीचा भाग आहे. आणि ही घडण कांहीं थोड्या माणसांत फार, बहुतेकांत बेताची आणि कांहींत नांवालाहि नसते, असें आतां मोजमाप करून सिद्ध झालें आहे.

हें मोजमाप अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत झालें. ऑके टेलेगेन व गिल्बर्ट ॲटकिन्सन हे दोघे मानसशास्त्रज्ञ एका निराळ्याच प्रश्नाच्या मागें होते. संमोहनाचा प्रयोग केला असतां कांहीं लोक सहज त्या अवस्थेंत जातात व कांहीं कितीहि यत्न केला तरी जात नाहींत. तर जाणारे कोणत्या स्वभावाचे असतात? सामान्य समज असा कीं दुबळ्या मनाचीं किंवा भोळसट माणसें लवकर वश होतात. तो समज टिकला नाहीं. १९७४ सालीं या दोघांनीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा कीं, भोळेपणाशीं नव्हे, एका वेगळ्याच गुणाशीं या गोष्टीचा संबंध आहे. संबंध माफक आहे, पण आहे. हा गुण म्हणजे एखाद्या विषयानें मन असें व्यापलें जाणें कीं दुसऱ्या कशाला तेथें जागाच उरत नाहीं, आणि तेवढ्या वेळापुरतें 'मी' कोण, कोठें, हेंहि मागें पडणें.

या गुणाची परीक्षा चौतीस विधानांची आहे; प्रत्येकाला 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर द्यावयाचें. विधानें वाचून प्रथम हंसूं येतें, इतकीं त्यांतलीं कित्येक साधीं आहेत. सूर्यास्त पाहून मन भरून येतें काय; नाटक किंवा कथा चालली असतां स्वतःचा विसर पडतो काय; जुनी गोष्ट आठवतांना ती पुन्हा घडत असल्यासारखी वाटते काय. पण त्याच यादींत, त्याच सहज सुरांत, असेंहि विधान आहे कीं, कधीं कधीं जवळ कोणी नसतांना कोणी असल्यासारखें वाटतें. मला या यादींतलें मर्म हें वाटतें. सूर्यास्ताला 'होय' म्हणणारा आणि अदृश्य चाहुलीला 'होय' म्हणणारा हीं दोन टोकांचीं माणसें नव्हेत. पुष्कळदां तें एकच माणूस असतें.

मीं यांतलीं कांहीं विधानें घरच्या मंडळींना विचारून पाहिलीं. आमच्या मंडळींनीं सगळ्यांना 'नाहीं' म्हटलें. 'सूर्य मावळला कीं मला दिवाबत्तीची आठवण होते,' असा खुलासाहि वर केला. मुलानें निम्म्यांना होकार दिला. सूनबाईंनीं मात्र एकामागून एक 'होय, होय' म्हटलें आणि शेवटच्या विधानाशीं त्या थांबल्या व चहा टाकायला उठून गेल्या. मीं पुन्हा विचारलें नाहीं.

या गुणाला इंग्रजींत जो शब्द योजला आहे त्याचा मूळ अर्थ शोषून घेणें असा आहे. टीपकागद शाई शोषतो तसें. आपल्याकडे याहून नेमका शब्द हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांत अभिनवगुप्तानें घालून ठेवला आहे. काव्याचा रस कोणाला मिळतो याचा विचार करतांना त्यानें सहृदयाचें जें लक्षण सांगितलें त्यांत 'तन्मयीभवनयोग्यता' असें पद आहे. वर्ण्य विषयाशीं एकरूप होण्याची योग्यता. 'योग्यता' हा शब्द मोलाचा आहे. ती अवस्था नव्हे, अवस्थेची पात्रता आहे, म्हणजेच स्वभावधर्म. शिवाय काव्याच्या अभ्यासानें मनाचा आरसा स्वच्छ होतो व मग ही योग्यता येते, असें त्याचें म्हणणें आहे. म्हणजे अंगचें किती आणि अभ्यासाचें किती, हा वादहि त्यांत आलाच.

या वादाविषयीं हल्लीं थोडें निश्चित बोलतां येतें. मिनेसोटा येथेंच जुळ्या भावंडांचा मोठा अभ्यास झाला. जन्मतःच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरीं वाढलेलीं जुळींहि त्यांत होतीं. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतावरून असें दिसतें कीं, तन्मयतेच्या बाबतींत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्यांतला सुमारें अर्धा रक्तांतून येतो. राहिलेल्या अर्ध्याविषयीं तान्या लुहरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं पुष्कळ काम केलें आहे. ज्या ख्रिस्ती पंथांत 'देव माझ्याशीं बोलतो' असें भक्त सरळ सांगतात, अशा मंडळींत त्या वर्षानुवर्षें राहिल्या. सर्वजण सारखीच प्रार्थना करीत असतां कांहींनाच देव 'ऐकूं' कां येतो? त्यांना असें आढळलें कीं, जे तन्मयतेच्या परीक्षेंत वर होते त्यांना तो अनुभव अधिक येई. पुढें त्यांनीं कांहीं लोकांना महिनाभर रोज अर्धा तास कल्पनेनें प्रसंग डोळ्यांपुढें आणून प्रार्थना करावयास लाविलें, तेव्हां त्यांच्या मनांतलीं चित्रें अधिक स्पष्ट झालीं. अभिनवगुप्ताला यांत नवल वाटलें नसतें. २०२१ सालीं याच बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिका, घाना, थायलंड, चीन व वानुआतू अशा पांच देशांतील दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. धर्म निराळे, देव निराळे. पण दोन गोष्टी सगळीकडे कामाला आलेल्या दिसल्या. एक हा गुण. आणि दुसरी, मन आणि जग यांमधली भिंत झिरपणारी आहे असें त्या समाजाचें मानणें.

औषधानें पालटणाऱ्या जाणिवेलाहि हेंच लागू पडतें. झुरिच येथें कांहीं भूछत्रांत सांपडणारें सायलोसायबिन नांवाचें द्रव्य २६१ निरोगी स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखालीं देऊन पाहिलें होतें. २०१२ सालीं त्याची छाननी प्रसिद्ध झाली. परिणाम किती तीव्र होतो हें मात्रेवर अवलंबून होतें हें उघडच आहे, पण मात्रेखालोखाल ज्या गोष्टींचा प्रभाव दिसला त्यांत तन्मयतेचा गुण ठळक होता. (घरीं कोणीं असले प्रयोग करूं नयेत, हें सांगावयास नको, परदेशीं शिकावयास गेलेल्या नातवंडांच्या आजी-आजोबांसाठीं तरी सांगून ठेवतों.)

आतां आमच्या घरांतली गोष्ट.

माझी एक आत्या होती. लहानपणीं ती पोथी ऐकावयास बसली कीं तिला उचलून आणावें लागे, असें आजी सांगत असे. तिचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणत असूं, रेल्वेंत कारकून होते. मूलबाळ नव्हतें, पंचवीस वर्षांचा संसार दोघांचाच. १९७० सालीं काका हृदयविकारानें अकस्मात् गेले आणि आत्या वाईस आमच्या वाड्यांत माहेरीं आली. तिला मागील दारची खोली दिली होती. मी त्या वेळीं दहा वर्षांचा होतों.

कांहीं महिन्यांनीं माझ्या लक्षांत आलें कीं, दिवेलागणीच्या सुमारास आत्या हातांतलें काम ठेवून थबकते, दाराकडे पाहते आणि मग खोलींत जाते. एके दिवशीं मी दाराच्या फटींतून पाहिलें. तिनें चहाचे दोन कप भरले होते. एक स्वतःपुढें, एक समोर. आणि हळू आवाजांत ती म्हणत होती, 'आज उशीर झाला.' मी धांवत सुटलों तो थेट ओटीवर. तेथें आजोबांपाशीं चारपांच मंडळी बसली होती. त्यांच्यादेखत मीं सगळें सांगून टाकलें; सांगतांना आपण मोठें शौर्य करीत आहों असें मला वाटत होतें.

त्यानंतर काय झालें याचें सविस्तर वर्णन करावयास माझें मन घेत नाहीं. प्रथम एक देवऋषी आला. लिंबू, अंगारा, धूप झाला. आत्याच्या केसांना धरून 'तूं कोण आहेस?' असें विचारणें झालें. मग ज्या मंडळींना तें पटत नव्हतें त्यांनीं तिला शहरांतल्या एका डॉक्टरांकडे नेलें आणि तीन महिने ती गुंगींत होती. एक बाजू म्हणे भूत, दुसरी म्हणे वेड. 'तुला काय ऐकूं येतें, आणि तें ऐकून बरें वाटतें कीं भीति वाटते?' असें तिला कोणींच विचारलें नाहीं. पुढें ती आपण होऊन म्हणूं लागली कीं, आतां कांहीं ऐकूं येत नाहीं. घराला हायसें वाटलें. आत्या बरी झाली असें ठरलें. त्यानंतर सव्वीस वर्षें तिनें आमच्या घरांत स्वयंपाक केला, आमचीं लग्नें पाहिलीं, माझ्या मुलाला न्हाऊंमाखूं घातलें.

१९९६ सालीं ती शेवटच्या दुखण्यांत असतां एका रात्रीं मी उशाशीं बसलों होतों. ती म्हणाली, 'बाळ, तुला म्हणून सांगतें. मला ऐकूं येणें कधीं थांबलेंच नाहीं. मी सांगायची थांबलें.' काकांच्या वहाणांचा आवाज, छत्री भिंतीला टेकविल्याचा आवाज, एवढेंच तिला ऐकूं येई. त्यांचे शब्द कधीं ऐकूं आले नाहींत. 'बोलत मीच असें,' ती म्हणाली. मीं माझ्या चुगलीचा विषय काढावयास तोंड उघडलें, तों तिनें हात हलविला. 'तूं लहान होतास.' म्हणजे तिला ठाऊक होतें.

मागाहून, सेवानिवृत्तीनंतर, मला एका लेखाचा पत्ता लागला. आम्ही आत्याला लिंबू-अंगारा करीत होतों त्याच सुमारास वेल्समधील ड्यूई रीस नांवाचे एक खेड्यांतले डॉक्टर आपल्या भागांतील विधवा व विधुर यांच्या घरीं जाऊन त्यांना एक प्रश्न विचारीत होते: गेलेला जोडीदार तुम्हांला कधीं जवळ भासतो काय? २९३ जणांना त्यांनीं विचारलें. जवळजवळ निम्म्यांनीं 'होय' म्हटलें. कांहींना नुसती उपस्थिति जाणवे, कांहींना आवाज ऐकूं येई, कांहींना दर्शन होई, थोड्यांना स्पर्शहि. ज्यांचा संसार दीर्घ आणि सुखाचा झाला होता त्यांच्यांत हें प्रमाण अधिक होतें. बहुतेकांना त्यापासून आधारच वाटे. आणि त्यांतल्या बहुसंख्यांनीं ही गोष्ट त्यापूर्वीं कोणालाहि सांगितली नव्हती. हा वृत्तांत १९७१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापून आला. वाचतांना माझे हात कांपत होते, हें कबूल करतों. आमची आत्या जगावेगळी नव्हती. ती निम्म्या जगांतली होती. केवळ अशा अनुभवावरून शोकग्रस्त मनुष्याला रोगी ठरवूं नये, हें आज मानसोपचार करणारे डॉक्टर मानतातच.

आणि शोकाचीहि आवश्यकता नाहीं. १८८२ सालीं लंडनमध्यें अतींद्रिय गोष्टींच्या शोधासाठीं एक संस्था निघाली होती; तिच्या वतीनें केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १७,००० लोकांना विचारलें कीं, पूर्ण जागे असतांना, बाहेर कांहीं कारण नसतां, तुम्हांला कोणी दिसल्याचा, शिवल्याचा किंवा बोलल्याचा अनुभव कधीं आला आहे काय. १८९४ सालीं वृत्तांत निघाला. १,६८४ जणांनीं 'होय' म्हटलें होतें. म्हणजे दहांत एक. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांत एक, असा हिशेब कोणीं करूं नये, पण पंगतींत बसल्यावर मला तो आठवतो खरा.

आपल्याकडे असल्या माणसाला एकदम संत तरी करतात किंवा झाड तरी लागलें म्हणतात. संत बहिणाबाईंचेंच पाहा. वेरूळजवळच्या देवगांवच्या ब्राह्मण घरची ही मुलगी. अगदीं लहानपणीं लग्न. यजमान वयानें पुष्कळ मोठे. कोल्हापुरीं असतां तिला कीर्तनाचा आणि एका वासराचा लळा लागला. वासरूं गेलें तेव्हां ती बेशुद्ध होऊन पडली आणि त्या अवस्थेंत तिला तुकोबांचें दर्शन झालें. हें सर्व तिनें स्वतःच्या अभंगांत स्वतः सांगून ठेवलें आहे, आणि नवऱ्यानें मारल्याचेंहि सांगितलें आहे. ब्राह्मणाच्या बायकोनें शूद्राला गुरु करावें आणि तिला पाहावयास लोकांनीं गर्दी करावी, याचा त्या गृहस्थांना संताप येई. आपण आज बहिणाबाईंचे अभंग म्हणतों तेव्हां त्या घरांतल्या इतर माणसांच्या जागीं स्वतःला कधींच कल्पीत नाहीं. मीं तें करून पाहिलें आहे. ओटीवर धांवत आलेलें एक पोर मला तेथेंहि दिसतें.

एथवर वाचून कोणाला वाटेल कीं मी म्हणतों, ज्याला जें ऐकूं येतें तें येऊं द्यावें, घरानें मध्यें पडूं नये. मलाहि एकेकाळीं तसेंच वाटूं लागलें होतें, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी दिली. आत्याच्या शेवटच्या रात्रीनंतर पांच वर्षांनीं, २००१ सालीं, माझ्या दहावीच्या वर्गांत एक फार हुशार मुलगा होता. संस्कृतांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवाळीनंतर तो गप्प होत गेला. वर्गांत शून्यांत पाही. रात्रीं दोन तास झोपे. पुढें स्नान सोडलें, मित्र सोडले. रेडिओवरचा माणूस आपल्यालाच उद्देशून बोलतो असें म्हणूं लागला. वडील मला भेटावयास आले. मीं त्यांना काय सांगावें? 'मुलगा अंतर्मुख आहे, त्याला डिवचूं नका.' आत्याचें प्रायश्चित्त मीं त्या मुलाच्या नांवें घेतलें. दीड वर्ष वायां गेलें. अखेर एका रात्रीं तो घाबरून घरांतून पळाला तेव्हां त्याला इस्पितळांत नेण्यांत आलें. तो छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, आजार होता. आज तो गोळ्या घेतो, स्वतःचें दुकान चालवितो आणि रस्त्यांत भेटला तर वाकून नमस्कार करतो. आधीं उपचार झाले असते तर काय झालें असतें, याचा विचार मी टाळतों.

तेव्हां दोहोंतला भेद ओळखावयाचा कसा? ऑक्सफर्डचे गॉर्डन क्लॅरिज व त्यांचे सहकारी यांनीं या क्षेत्रांत केलेली फोड मला फार उपयोगी वाटते. निरोगी माणसांत या आजाराकडे झुकणारे जे स्वभावविशेष आढळतात ते त्यांनीं १९९५ सालच्या आपल्या परीक्षेंत चार भागांत मांडले: विलक्षण अनुभव येणें, विचारांची विस्कट, माणसांत व जगण्यांत गोडी न उरणें, आणि आवर नसलेलें विक्षिप्त वर्तन. यांतला पहिला भाग एकटा असेल तर तो मनुष्य कवि, भक्त किंवा नुसताच हळवा असूं शकतो आणि सुखानें जगूं शकतो. त्याच्या जोडीला दुसरा व तिसरा आले म्हणजे सावध व्हावें. आत्याला आवाज येई, पण तिची आमटी कधीं खारट झाली नाहीं. त्या मुलाला आवाज येऊं लागण्यापूर्वींच त्याची झोप आणि मित्र गेले होते. मीं आवाजाकडे पाहिलें. पाहावयाचें होतें तें झोपेकडे.

आजार झालाच, तरीहि घराचा संबंध संपत नाहीं. लुहरमनबाईंनीं चेन्नई, घानांतील अक्रा व कॅलिफोर्नियांतील सॅन मटेओ या तीन ठिकाणच्या प्रत्येकीं वीस रुग्णांना तुमचे आवाज काय बोलतात असें विचारलें होतें. २०१५ सालीं तें प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतल्या रुग्णांचे आवाज बहुधा हिंसेचे, शिवीगाळीचे. अक्रा येथें पुष्कळांना देव बोले. आणि आपल्या चेन्नईंत अर्ध्याहून अधिक रुग्णांना नातेवाइकांचे आवाज येत: आंघोळ कर, स्वयंपाक कर, हें आण, तें ठेव. रागावणेंहि असे, पण घरच्यासारखें. आजार एकच, त्याला तोंड मात्र घरानें दिलेलें.

कांहीं गोष्टी मात्र स्वभावाच्या नसतांना स्वभावाच्या वाटतात, त्या येथेंच सांगून टाकतों. एखादें मूल बोलतां बोलतां कांहीं सेकंद एकदम थांबत असेल, नजर स्थिर होत असेल, पापण्या फडफडत असतील आणि खांद्याला हात लावूनहि भानावर येत नसेल, तर ती तन्मयता नव्हे. तो अपस्माराचा एक प्रकार असूं शकतो, आणि त्यावर चांगलीं औषधें आहेत. तसेंच नजर अधू झालेल्या वृद्धांना माणसें, पक्षी, इमारती दिसूं लागल्या तर घाबरूं नये. चार्लस बोने या जिनीव्हाच्या पंडितानें १७६० सालीं आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांविषयीं हेंच लिहून ठेवलें आहे. आजोबांची बुद्धि शाबूत होती, डोळे गेले होते. अशा वेळीं नेत्रवैद्य गांठावा, देवऋषी नव्हे. आणि आवाज जर कोणाला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा घात कर असें सांगत असेल, तर पंचांग न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

माझ्या नातीला आम्ही दाखविलें. प्रथम कान तपासले. बहिणीच्या समाधानासाठीं म्हणा, पण तें योग्यच होतें, कारण हांक न ऐकणाऱ्या मुलाचे कान तपासणें ही पहिली पायरी आहे. कान उत्तम निघाले. बालरोगतज्ज्ञ बाईंनीं तिला तासभर बोलतें केलें, झोप-भूक-मैत्रिणी यांची चौकशी केली आणि पुस्तकाचें नांव विचारून घेतलें. घरीं एवढाच फेरफार झाला आहे कीं, पुस्तक हातांत असतां तिच्याकडे दूध सोंपवीत नाहींत. हांक न मारतां जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवतात. एकदां मीं तिला विचारलें, 'काय ग, हांक खरोखरच ऐकूं येत नाहीं?' ती विचार करून म्हणाली, 'येते, आजोबा. पण ती पुस्तकांतल्या कोणाला तरी मारली आहे असें वाटतें.'

माझी बहीण गोकुळाष्टमीला पुन्हा आली, तेव्हां मीं तिला आत्याची शेवटची रात्र प्रथमच सांगितली. इतकीं वर्षें कां सांगितली नाहीं याला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. तिनें सर्व ऐकून घेतलें, मग बराच वेळ पदराच्या टोकाशीं चाळा करीत बसली. आत्या शहरांतून परत आली तेव्हां ही सहा-सात वर्षांची असेल. सकाळचे कप विसळणें हें लग्न होऊन सासरीं जाईपर्यंत हिचें काम होतें.

'मागच्या खोलींतले रोज दोन कप असायचे,' ती म्हणाली. 'मला वाटायचें, ती दोनदां चहा घेते.'